ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न आणि चार फुटी टाकीतली मारामारी : कोणाला काढू?

बोंडअळी (दारव्हा तालुका)
नमस्कार मंडळी. घरी माशांची ४ × १.५ × १.५ फुटांची काचेची टाकी आहे. त्यात एक टायगर ऑस्कर, एक अल्बिनो ऑस्कर, चार सिल्व्हर डॉलर आणि एक सकर असं कुटुंब होतं. दोन्ही ऑस्कर लहानपणापासून सोबत वाढलेले, आता वीतभरापेक्षा मोठे झालेत. कधी कुरबूर नाही. हिवाळ्यात भाच्याने हौसेने एक फ्लॉवरहॉर्न आणून दिला. दुकानदार म्हणाला होता, "लहान आहे तोवर सोडून द्या, जमून जाते." तो आता ऑस्करच्या बरोबरीला आला अन् डोक्यावर चांगला गुमटाही धरलाय.

उन्हाळा लागला तसा टाकीत दंगा सुरू झाला. दोन सिल्व्हर डॉलर गेले. उरलेल्या दोघांचे पर कुरतडल्यासारखे दिसतात. अल्बिनोची शेपटी फाटली. आणि आता दोन्ही ऑस्कर एकमेकांचं तोंड तोंडात धरून ढकलाढकली करून राहिले. घरात सगळ्यांचं एकच मत, टायगर माजला, त्याला काढा. बायको म्हणते एकाला काढाल तर दुसरा खाणं सोडेल. पाणी बोअरचं. दुसरी टाकी ठेवायला घरात जागा नाही. काय करावं?

पोट्टा_नंबर_एक
काय राजेहो! वाघ, बिबट अन् रानडुक्कर एकाच गोठ्यात बांधले, अन् वरून इचारता भांडते काहून? त्या फ्लॉवरहॉर्नले पाह्यले काढा. बाकीचं मंग पाहू.

धानपट्टा (साकोली)
नंबर एक, घाई नको. भाऊ, आधी थोडं पाहून सांगा. टाकीला थर्मामीटर आहे का? दुपारी किती दाखवतो? खाणं कुठे टाकता, एकाच जागी की दोन? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक मासा दिवसभर नेमका कुठे उभा असतो. फिल्टरचं पाणी पडतं तिथे कोण, खाली कोण, वरच्या कोपऱ्यात कोण. तास-दीड तास खुर्ची टाकून बसा, टाकीपासून जरा दूर. जवळ बसलात की ते खाणं मिळेल म्हणून पुढे येतात आणि खरं काय चाललंय ते दिसत नाही.

हिशोबही करून ठेवा. तुमची टाकी ९ घनफूट, म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे २५५ लिटर. दगड-रेती अन् वरची मोकळी जागा सोडली तर सव्वादोनशेच्या आत. ऑस्कर फूटभर होणारा मासा आहे. दोन ऑस्करलाच ही टाकी कमी पडते. फ्लॉवरहॉर्न तर एकटा ठेवायचा मासा, त्याच्यासाठी हीच टाकी पूर्ण लागेल.

बोंडअळी
धानपट्टा भाऊ, थर्मामीटर आणला. दुपारी चार वाजता ३३. टिनाचं छत आहे, कूलर दुसऱ्या खोलीत.

बसून पाहिलं. फ्लॉवरहॉर्न उजव्या कोपऱ्यात, फिल्टरची धार पडते तिथेच. फार हलत नाही. पण कोणी मधल्या कवेलूच्या पुढे आलं की नुसती मान वळवतो, समोरचा मागे फिरतो. (दोन जुनी कवेलू, म्हणजे छपराची कौलं, घातलीत लपायला.) सिल्व्हर डॉलर दोघेही डाव्या वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या काठाला तोंड लावून. खाणं मी उजवीकडेच टाकतो, झाकण तिथेच उघडतं. दोन्ही ऑस्कर डाव्या अर्ध्यात. तोंड धरून ढकलतात, सोडतात, शेपट्या हलवत बाजूबाजूने फिरतात, मग दोघंही कवेलू चाटल्यासारखं करतात. जास्त मारामारी संध्याकाळी टाकीतला दिवा लावला की.

मास्तरीण (वरोरा)
बोंडअळी भाऊ, तुम्ही उत्तर स्वतःच लिहून टाकलंत. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते म्हणून जरा लांबण लावते, चालवून घ्या.

तोंडात तोंड धरणं फार भयंकर दिसतं. पण ऑस्कर, जॅक डेम्प्सी अशा सिक्लिड कुळातल्या माशांत ते ताकद अजमावण्याचा प्रकार आहे. दोघं बरोबरीचे असले, सोडल्यावर कोणी पळून कोपऱ्यात दडत नसलं आणि नंतर दोघं मिळून एखादी सपाट जागा साफ करत असले, तर ती मारामारी नसून जोडी जमण्याची लक्षणं असू शकतात. ऑस्करमध्ये नर-मादी बाहेरून ओळखता येत नाही. अंडी घालायच्या वेळी पोटाखाली बारीक नळी बाहेर येते, मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. ती दिसते का पाहा.

खरा दादा तो आहे जो हलत नाही. ज्याला नुसती मान वळवून काम भागवता येतं त्याला चावायची गरज पडत नाही. अर्धी टाकी, ऑक्सिजन मिळणारी जागा आणि खाण्याचं ठिकाण, तिन्ही त्याच्या ताब्यात. उरलेले पाच मासे उरलेल्या अर्ध्यात. तिथे रोज धक्काबुक्की होणारच, आणि तीच तुमच्या डोळ्यांना दिसते. टायगरला काढलात तर दंगा कमी झाल्यासारखा वाटेल, पण सिल्व्हर डॉलर मरायचे थांबणार नाहीत.

संध्याकाळच्या दिव्याचं सांगते. खोलीत अंधार आणि टाकीत उजेड असला की काच आतून आरशासारखी होते. माशाला समोर त्याच्याच मापाचा दुसरा मासा दिसतो. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ निको टिनबर्गन स्टिकलबॅक माशांवर काम करत असताना त्याच्या टाकीतले नर खिडकीबाहेरून टपालाची लाल गाडी गेली की त्या दिशेने हल्ला करायला धावत, कारण विणीच्या काळात त्या नरांचं पोट लाल होतं आणि लाल रंग म्हणजे प्रतिस्पर्धी. १९७३ साली त्याला लोरेन्झ आणि फॉन फ्रिश यांच्यासोबत नोबेल मिळालं. सांगायचा मुद्दा, प्रतिबिंबावर चिडणं माशाला अगदी खरं वाटतं. आधी खोलीतला दिवा लावा, मग टाकीतला. मागच्या आणि बाजूच्या काचेला बाहेरून काळा कागद चिकटवा. काम दहा मिनिटांचं.

खारपाण (दर्यापूर)
माझा अनुभव उलटा आहे. आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं जड अन् मचूळ की टीडीएस (पाण्यातले क्षार मोजायचं) मीटर बघायची भीती वाटते. म्हणून मी आफ्रिकेतल्या मलावी तळ्याचे म्बुना मासे ठेवते, त्यांना जड पाणी मानवतं. त्यांच्यात नियमच असा की मासे थोडे असले की मारामारी, जास्त असले की शांतता. एकाच माशावर राग निघत नाही, वाटला जातो. फिल्टर मात्र दुप्पट लागतो आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदलावं लागतं. मग ऑस्करमध्ये असं का नाही करत?

धानपट्टा
खारपाण ताई, म्बुना चार-पाच इंचाचा. ऑस्कर फुटाचा. तुमच्या युक्तीने सव्वादोनशे लिटरमध्ये आठ ऑस्कर कोंबले तर राग वाटला जाण्याआधीच अमोनियाने सगळे जातील. मोठा मासा घाणही त्याच्या मापाने करतो. म्बुनाची गोष्ट मोठ्या माशांना लावून लोकांनी फार मासे मारलेत.

आता उन्हाळ्याचं. ऑस्करला २४ ते २८ अंश बरं. पाणी तापलं की माशाची चयापचय क्रिया वाढते, ऑक्सिजन जास्त लागतो, आणि नेमका तेव्हाच पाण्यात तो कमी विरघळतो. २५ अंशाला लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३२-३३ ला सातच्या आसपास. म्हणून फिल्टरची धार पडते त्या कोपऱ्याला एप्रिल-मे मध्ये एवढा भाव येतो. लाइन गेली की तो कोपराही बंद, मग सगळे वर येतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घ्याच, महाग नाही. दुसरा हवेचा दगड (बुडबुडे सोडणारा) डाव्या टोकाला लावा. खाणं दोन्ही टोकांना एकाच वेळी टाका, उजवीकडे तरंगणारे दाणे, डावीकडे बुडणारे.

आणि टाकी कूलरच्या खोलीत न्या, किंवा कूलर टाकीच्या खोलीत आणा. कूलरची हवा पाण्याच्या पृष्ठभागावरून जाऊ द्या, वर जाळीचं झाकण ठेवून. ऑस्कर उडी मारतो, उघडं ठेवू नका. दोन-तीन अंश सहज उतरतात. पाणी उडून पातळी खाली जाते, तेव्हा नुसती भर घालत बसू नका. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार खालीच राहतात. आधीच जड असलेलं बोअरचं पाणी आणखी जड होतं. थोडं काढून मग घाला.

पोट्टा_नंबर_एक
म्हंजे मासोळीले कूलर, अन् मी अंगणात खाटेवर. माही माय आयकन त मलेच टाकीत सोडन.

शेततळं_३०_बाय_३०
भाऊ, येवढं डोकं कायले लावता? माह्या शेततळ्यात रूपचंद मासे हायेत, त्यात तो फ्लॉवरहॉर्न सोडून द्या. नाहीतर गावतलावात टाका. मोकळा राहीन बिचारा.

मास्तरीण
नका हो, हे अजिबात नका. गावतलावात तर नाहीच नाही. फ्लॉवरहॉर्न हा माणसाने संकर करून बनवलेला मासा, मलेशियात १९९० च्या दशकात पुढे आला. तो निसर्गात कुठलाच नाही, पण सोडला की जे सापडेल ते खातो आणि आमच्या मरळीच्या, दाडकीच्या पिल्लांना ठेवत नाही. तिलापिया आपल्याकडे १९५२ मध्ये आणला, आता कुठल्याही तलावात जाळं टाका. आफ्रिकन मांगूर माशावर सरकारने २००० साली बंदी घातली तरी तो आहेच. शेततळं पावसाळ्यात भरून वाहतं, ते नाल्यात, नाला नदीत.

धानपट्टा
आमच्याकडे मालगुजारी (मालगुजारांच्या काळातले जुने) तलाव आहेत, मासेमार ढिवर समाजाची घरं त्यावर चालतात. घरी कंटाळा आलेला मासा त्या लोकांच्या पोटावर सोडायचा नसतो. इतकंच सांगतो.

शेततळं_३०_बाय_३०
हाव बावा, समजलं. मले वाटलं चांगलंच सांगतो. मंग घरी सिमेंटचा हौद असन त त्यात?

खारपाण
जुना हौद असेल तर चालेल, नव्यात चुना सुटतो आणि पाण्याचा पीएच फार चढतो, महिनाभर पाणी बदलत राहावं लागतं. वरून हिरवी नेट ताणायची, नाहीतर खंड्या अन् मांजर आहेच. पण हे पावसाळ्यापर्यंतच. डिसेंबरात आपल्याकडे रात्री ८-१० अंशावर जातं, उघड्या हौदात फ्लॉवरहॉर्न टिकणार नाही.

बोंडअळी
हौद नाही आमच्याकडे. तात्पुरती आडवी जाळी लावून टाकीचे दोन भाग केले तर? बाजारात काय मिळेल? आणि अल्बिनोच्या शेपटीला औषध काय?

एक अजून. पोरगा सोयाबीनच्या धुऱ्यावरचे नाकतोडे पकडून आणतो, ऑस्कर तुटून पडतात. चालू ठेवू का?

धानपट्टा
नाकतोडे तुमच्याकडे फवारणी झाली असेल तर बंद. फवारलेल्या शेतातला नाकतोडा म्हणजे विषाची गोळी. गांडुळं चालतील, न फवारलेल्या शेणखताच्या खड्ड्यातली, धुऊन. फवारणीच्या पंपाला किंवा औषधाच्या बादलीला टाकीजवळही आणू नका, कितीही धुतली तरी. टाकीची बादली वेगळी, तिच्यावर लाल रंग मारून ठेवा. हे मी प्रत्येकाला सांगतो, कारण शेतकऱ्याच्या घरी मोठे मासे एका रात्रीत मेले की बहुतेक वेळा कारण बादलीत असतं.

जाळीचं असं करा. इलेक्ट्रिकच्या दुकानात वायरिंगची प्लास्टिकची केसिंग पट्टी मिळते. तिची चौकट करा, टाकीच्या आतल्या मापाहून एक सूत कमी. त्यात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती प्लास्टिकची जाळी ताणा आणि नायलॉनच्या दोरीने शिवा. लोखंडी जस्ताची जाळी अजिबात नको, जस्त पाण्यात उतरतं आणि मासे मरतात. चौकट काचेला चिकटवायची असेल तर साधं अ‍ॅक्वेरियमचं सिलिकॉन घ्या. बाथरूमच्या बुरशीरोधक सिलिकॉनमध्ये औषध असतं, ते नको. मी तर सिलिकॉन न लावता सक्शन कपवर उभी करतो, काढता येते. खालून फट राहू देऊ नका, रेती सारून काठ काचेपर्यंत बसवा. फ्लॉवरहॉर्न नाक घालून उचलतो.

पहिले तीन-चार दिवस जाळीला बाहेरून काळं प्लास्टिक लावा. एकमेकांना पाहत राहिले तर जाळीवरच डोकं आपटतील.

शेपटीचं, पाणी स्वच्छ असेल तर आपोआप भरते. आठवड्यातून दोनदा चौथा हिस्सा पाणी बदला. जखमेवर पांढरं कापसासारखं दिसलं तर अल्बिनोला वेगळ्या टबात, २० लिटरला एक मोठा चमचा जाडं मीठ विरघळवून, हवा लावून. पूर्ण टाकीत मीठ नको, सकरला मानवत नाही. मेथिलीन ब्लू असेल तेही टबातच, टाकीत टाकलं तर फिल्टरमधले अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू मरतात. आणि सकरवरही नजर ठेवा. उपाशी सकर रात्री मोठ्या माशाच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो, कुशीवर गोल खूण दिसते. तेही लोक मारामारीच्या खात्यात टाकतात.

खारपाण
पाणी नळाचं घालत असाल तर ग्रामपंचायतीवाले टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात, पावसाळ्यात तर जास्तच. क्लोरीन मारणारे हायपोचे खडे घाला, नाहीतर आधी रात्रभर हवा लावून ठेवा. क्लोरीनने कल्ले जळाले की मासा चिडचिडा होतो, दम लागतो, आणि दुबळा दिसला की बाकीचे तुटून पडतात.

बोंडअळी
जाळी केली. दीडशे रुपयांच्या आत काम झालं, अर्धा दिवस गेला. फ्लॉवरहॉर्न पकडायला तासभर लागला, दोन जाळ्या लागल्या. कवेलू, दगड सगळं बाहेर काढून पुन्हा वेगळं रचलं, मास्तरीण ताईंच्या म्हणण्याप्रमाणे मागे काळा कागद. खोलीतला दिवा आधी.

उजवीकडचा तिसरा भाग त्याला दिला. पहिल्या रात्री चौकटीवर धडका मारत होता, सक्शन कप एक सुटला. आता तो काळ्या प्लास्टिकसमोर उभा राहतो. सिल्व्हर डॉलर खाली उतरलेत, मी कित्येक दिवसांत त्यांना तळाशी पाहिलं नव्हतं. अल्बिनो आज डावीकडच्या कोपऱ्यात नाही, मधोमध आहे. टायगरला काढायचं म्हणत होतो तो आता सगळ्यात शांत. पण दीड फुटात फ्लॉवरहॉर्न किती दिवस ठेवायचा?

दिग्रसकर
किती दिवस म्हणजे थोडेच. माझ्याकडे चार फुटी टाकी रिकामी पडली आहे, गेल्या उन्हाळ्यानंतर मासे घेतले नाहीत. मला एकच मासा ठेवायचा आहे. देता का? पैसे सांगा.

बोंडअळी
पैसे नकोत हो. फक्त एकटा ठेवाल हे लिहून द्या इथे, सगळ्यांच्या समोर.

दिग्रसकर
एकटा ठेवेन. इथे लिहिलं.

धानपट्टा
दिग्रसकर, टाकी महिनोन्‌महिने कोरडी होती तर फिल्टर नव्याने बसला आहे, त्यात अजून जिवाणू नाहीत. बोंडअळींच्या फिल्टरमधला निम्मा स्पंज ओला तसाच पिशवीत घेऊन जा आणि तुमच्या फिल्टरमध्ये बसवा. नाहीतर पहिल्याच आठवड्यात अमोनिया चढेल.

नेताना मासा एक दिवस उपाशी ठेवायचा, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. झाकणाची २० लिटरची बादली, निम्मी भरून, झाकणाला छिद्रं, बॅटरीचा हवापंप. बाहेरून ओलं गोणपाट. पहाटेची एसटी धरा, ऊन चढायच्या आत पोचायचं. तिथे गेल्यावर अर्धा तास टाकीचं पाणी थोडं थोडं बादलीत घालत राहा, मग सोडा, दिवा बंद ठेवून.

पोट्टा_नंबर_एक
कंडक्टर इचारन बादलीत काय हाय त काय सांगान? अर्धं तिकिट घेजा त्याचं.

दिग्रसकर
पोचला. बादलीतून टाकीत गेल्यावर रंग उडाल्यासारखा फिका झाला होता. संध्याकाळी चार दाणे खाल्ले, आज सकाळी रंग परतला. मी काच पुसायला गेलो तर माझ्या हातावर धावतो.

मास्तरीण
धावू द्या, तो त्याचा स्वभाव आहे. गुमटा फुलावा म्हणून लोक त्याला आरसा दाखवतात, तुम्ही दाखवायचाच असेल तर दिवसातून दोन-तीन मिनिटं, जास्त नको. पूर्ण वेळ चिडलेला मासा खाणं सोडतो.

बोंडअळी भाऊ, तुमच्या ऑस्करचं काय? कवेलू अजून चाटतात?

बोंडअळी
ताई, तेच सांगायला आलो. जाळी काढली, दोघांना पूर्ण टाकी दिली. काल पाणी बदललं. आज सकाळपासून दोघं उपड्या कवेलूवर आडवे होऊन घासतात. अल्बिनोच्या पोटाखाली जाड नळीसारखं काहीतरी आहे. आणि आता टायगर सिल्व्हर डॉलरांच्या मागे लागलाय, दोघांनाही पुन्हा वरच्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं. फ्लॉवरहॉर्न गेला तरी हे आहेच?

मास्तरीण
म्हणजे अल्बिनो मादी दिसते. आज-उद्या अंडी घालेल, मोठ्या मादीची हजारभरही असू शकतात. पांढुरकी, कवेलूला चिकटलेली. आई-बाप कल्ल्यांजवळच्या परांनी त्यावर वारा घालतात आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकाला मारतात, तुमच्या हातालाही. हा राग वेगळा, जोवर अंडी किंवा पिल्लं आहेत तोवर टिकतो. त्यात कोणाला काढायची गरज नाही, फक्त बाकीच्यांना वाट द्यायची.

तुमची चौकट फेकली नसेल ना? तीच परत लावा, यावेळी ऑस्कर मोठ्या भागात आणि सिल्व्हर डॉलर, सकर लहान भागात. सकर तर नक्कीच पलीकडे, रात्री अंडी खातो. काळं प्लास्टिकही लावा. पहिल्या खेपेला अंडी बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत पांढरीफट्ट होतात आणि ते स्वतःच खाऊन टाकतात. घाबरू नका, पुढच्या खेपेला जमतं. पाणी आता दोन दिवस बदलू नका, काच पुसू नका.

बोंडअळी
चौकट अंगणात आहे, पोराने तिची गोलपोस्ट केली होती. धुऊन लावतो. सक्शन कप दोन नवीन आणावे लागतील.

शेततळं_३०_बाय_३०
पिल्लं झाले त मले नका देऊ भाऊ. मी शेततळ्यातच टाकीन, सवय हाय मले.

धानपट्टा
झाली तर आधी इथे सांगा, बोंडअळी. दोन इंचाची झाल्यावर साकोलीत दोघं घेणारे आहेत, पण ज्याच्याकडे सहा फुटी टाकी आहे त्यालाच देऊ.